पाणी घेऊ का?

सोमवार, रात्री साडेदहा.

जादाच्या गाद्या दिवाणात गेल्या, अभ्रे धुऊन वाळले, घर पुन्हा होतं तसं झालं. दोन दिवस मुलांचे आवाज होते. त्या आवाजांची या घराला सवय नाही, त्यामुळे आज संध्याकाळी शांतता जास्तच जाणवली. ते असो. लिहायला बसले ते एका वाक्यासाठी. शनिवारपासून डोक्यात घोळतंय, जात नाही.

शनिवारी बारा वाजता माझी लहानपणची मैत्रीण तिच्या दोन मुलांना घेऊन येणार होती, पण खंबाटकीत गाड्यांची रांग लागली आणि पोहोचेपर्यंत पावणेदोन झाले. जेवण तयार होतं. भरली वांगी, भाकरी, मसालेभात, मुलांसाठी वरण-भात वेगळा. थोरली आता माझ्या खांद्याला लागते. धाकट्याने आल्या आल्या बूट दोन दिशांना फेकले आणि ह्यांच्या खुर्चीवर चढून बसला. मला बरं वाटलं. मी आत ताटं घेत होते. ती स्वयंपाकघराच्या दारात आली, चौकटीला हात लावून उभी राहिली आणि म्हणाली, "पाणी घेऊ का गं?"

एवढंच. मी "अगं, विचारतेस काय, घे की" म्हणाले, आणि असं म्हणता म्हणता नव्या सेटमधला काचेचा पेला काढून मीच भरून दिला. ट्रेमध्ये ठेवून. ट्रे कशाला घेतला, आठवत नाही.

ती आमच्या वाईतल्या गंगापुरीच्या घरात पुढच्या दाराने आलेली मला आठवत नाही. परसातून यायची, न्हाणीपाशी पाय धुवायची आणि थेट चुलीपाशी. भाकरीची दुरडी स्वतः उघडायची. सगळ्यात खालची, वाफेने मऊ झालेली भाकरी काढून तिच्यावर तेल-चटणी घालून उभ्या उभ्या खायची. तिच्या घरी कांदा-लसूण नव्हता, आमची लसणाची चटणी तिला जीव की प्राण. आई पीठ मळतानाच तिची एक भाकरी धरायची. एखाद्या दिवशी ती आली नाही तर आई विचारायची, "आज कुठाय तुझी सवत?" माठावरचं झाकण काढून ओगराळं बुडवताना तिने कधी कुणाला विचारलं नाही. तीच आता पस्तीस वर्षांनी माझ्या दारात उभी राहून पाणी घेऊ का विचारते.

संध्याकाळी चार भिंतींच्या टेकडीवर गेलो. वारा छान होता, खाली सातारा दिव्यांनी भरत गेला. धाकटा पळून पळून घामाघूम झाला. येताना राजवाड्यावरून कंदी पेढे घेतले, पैसे तिने दिले. मी देऊ पाहिले तर माझा हात धरून म्हणाली, "नाही हं, आम्ही आधीच तुला केवढा त्रास देतोय." पुन्हा तेच. त्रास. तिच्या तोंडून हा शब्द माझ्यासाठी कधी निघाला असता का?

रात्री बाहेरच्या खोलीत गाद्या घातल्या, मुलं लगेच झोपली. आम्ही एक वाजेपर्यंत बोललो. तिने घराचं सांगितलं, शाळेच्या फीचं सांगितलं, आईच्या गुडघ्याचं सांगितलं. नवऱ्याबद्दल ती बोलली नाही आणि मीही विचारलं नाही. विचारायला हवं होतं की काय, कळत नाही. एकदा म्हणाली, "आताशा झोपच येत नाही गं," आणि कूस बदलली.

मग मला झोप येईना. छातीत काहीतरी टोचत होतं. राग नव्हता. म्हणजे थोडा होता. मी तीन दिवस या भेटीची तयारी केली होती, माळ्यावरून सामान काढलं, पडदे बदलले, आणि ती माझ्याकडे पाहुणी म्हणून आली. आपल्याला कुणी उरलं नाही, हा विचार अंधारात फार मोठा होतो. आई गेल्यावर गंगापुरीचं घर गेलं. ती तेवढी उरली होती, त्या घराला आतून ओळखणारी. मसाल्याचा डबा कुठल्या फळीवर असायचा, कुठली पायरी हलायची, हे तिला विचारता आलं असतं. आणि तीच चौकटीबाहेर थांबली. मी अंधारात रडले, आवाज न करता. ती जागी होती की नाही, माहीत नाही.

सकाळी मी उठायच्या आत तिने सगळ्या गाद्या गुंडाळून ठेवल्या होत्या, चहाचे कप विसळून पालथे घातले होते. तेही मला लागलं. लागायचंच ठरवलं की काहीही लागतं.

न्याहारीला थालीपीठं केली. तिने तीन खाल्ली. तिसऱ्यावर लोण्याचा गोळा ठेवताना डोळे मिटले, तेव्हा मात्र ती होती तशी दिसली. "काकूंची भाजणी," म्हणाली. मी म्हटलं, हो, तेच प्रमाण.

नऊला वाईला निघालो. त्यांना तिथूनच परस्पर पुण्याला जायचं होतं, मी एसटीने परत येणार होते. कृष्णाबाईच्या, म्हणजे कृष्णा नदीच्या, उत्सवाचे दिवस. घाटाघाटाचा उत्सव आळीपाळीने होतो, त्यामुळे माघात वाईत पाऊल टाकलं की कुठे ना कुठे मांडव असतोच. ढोल्या गणपतीपुढे धाकटा तोंड उघडं टाकून उभा राहिला. एवढा मोठा, आणि एकाच दगडातला, हे त्याला खरं वाटेना. मी दोघांना मागच्या बाजूला नेलं. देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती आहे, पुराचं पाणी आलं की तिथे दुभंगावं आणि दोन्ही अंगांनी निघून जावं म्हणून. 1762 सालचं बांधकाम, रास्त्यांचं. आम्ही लहान असताना पूर आला की छत्र्या घेऊन हेच बघायला यायचो, पाणी खरंच फुटतं का ते. थोरलीने फोन खिशात ठेवला आणि भिंतीवरून हात फिरवला.

मग ब्राह्मणशाही आळीत. तिचा वाडा पडला त्याला बरीच वर्षं झाली. तिथे आता चार मजली इमारत आहे, खाली औषधांचं दुकान. ती रस्त्याच्या पलीकडे उभी राहून मुलांना हवेत बोट फिरवून दाखवत होती. इथे दिंडी दरवाजा, इथे चौक, इथे बाबांची खोली. तिचे बाबा मराठी विश्वकोशाच्या कामात होते. 1976 साली पहिला खंड आला तेव्हा ते घरी पेढे घेऊन आले होते, हे तिने त्यांच्याकडून ऐकलेलं, आम्ही तेव्हा पाळण्यात. खोलीभर कागद असायचे, नोंदींच्या चिठ्ठ्या. आम्हाला त्यांनी कधी हाकललं नाही. "इथे माजघर," ती म्हणाली, "आणि माजघराच्या या कोनाड्यात मावशीचं फुलपात्र असायचं."

मी तिच्याकडे बघितलं. ती हसत होती, मनापासून.

"मावशीचं स्वतःचं पितळी फुलपात्र होतं आमच्या घरात. दुसरं कुणी त्याला हात लावायचं नाही. मला इतका हेवा वाटायचा! मला स्वतःचं असं एकही भांडं नव्हतं. एकदा मी आजीशी भांडले होते, मला पण तिच्यासारखं हवं म्हणून."

थोरलीने विचारलं, "पण मावशीचं वेगळं का?"

दुकानात कुणीतरी शटर अर्धं वर केलं, त्याचा मोठा आवाज झाला. ती उत्तर द्यायला लागली होती, "अगं, आजीचं सोवळं..." आणि तिथेच थांबली. तिचा चेहरा मी पाहिला. तो मला विसरता येणार नाही. पंचेचाळीस वर्षांच्या बाईला एखादी गोष्ट भर रस्त्यात, मुलांसमोर, पहिल्यांदा कळते तेव्हा तो कसा होतो ते लिहिता येत नाही. मी धाकट्याचा हात धरला आणि म्हटलं, चला, मेणवलीला उशीर होईल.

मला ते फुलपात्र आठवतं. बुडाशी एक पोचा होता. मी माजघराच्या उंबऱ्याशी उभी राहायचे. आजी किंवा काकू वरून पाणी घालायच्या, धार तुटू न देता. पिऊन झालं की मी ते चौकात नेऊन विसळायचे आणि कोनाड्यात पालथं ठेवायचे. कुणी कधी वाकडं बोललं नाही. आजी मला खोबऱ्याची वडी द्यायची, माझे मार्क विचारायची. माझे वडील, अण्णा, हळदीच्या वखारीत हिशेब लिहायचे, माझ्या दप्तरालासुद्धा हळदीचा वास यायचा, आणि आजी म्हणायची, "आली का पिवळी लक्ष्मी." मला आजी आवडायची. म्हणूनच की काय, याला मी आजवर कधी काही नाव दिलं नव्हतं. आईला मात्र सगळं ठाऊक असणार. ठाऊक असून तिने त्या पोरीसाठी रोज एक भाकरी जास्त थापली. यावर मला आईशी बोलता आलं असतं तर.

मेणवलीला घाटावर फार कुणी नव्हतं. मेणेश्वराच्या शेजारची ती मोठी घंटा धाकट्याला वाजवायचीच होती. वसईहून आणलेली पोर्तुगीजांची घंटा, 1707 साल कोरलेलं, वर मेरी आणि बाळ येशू. चर्चमधली घंटा महादेवाच्या अंगणात कशी, या त्याच्या प्रश्नाला मी चिमाजीअप्पापासून सुरुवात केली, पण त्याचं लक्ष पाण्यातल्या माशांकडे गेलं. आम्ही दोघी खालच्या पायऱ्यांवर बसलो. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग तिने विचारलं, "तुला वाईट वाटायचं?"

मी म्हटलं, "तेव्हा नाही."

"आणि आता?"

मी म्हटलं, "काल तू पाणी विचारून घेतलंस त्याचं जास्त वाटलं."

तिला आठवेना. कधी विचारलं, काय विचारलं. तिला खरोखरच आठवत नव्हतं. म्हणाली, "अगं, आता सगळीकडेच विचारते मी. दीड वर्ष भावाकडे राहतेय ना. तिथे फ्रिज उघडतानासुद्धा विचारते. सवय लागली जिभेला." आणि पाण्यात पाय सोडून बसली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो बाजूला केला नाही.

वाईच्या स्टँडवर त्यांनी मला सोडलं आणि गाडी सुरूर फाट्याकडे वळली. पाचवडपर्यंत एसटीत जागा नव्हती, उभीच होते. एका हाताने दांडी धरून तेच पुन्हा पुन्हा मनात फिरवत होते. मी तिच्या घरी कधी "पाणी घेऊ का" म्हटलं नव्हतं. मी म्हणायचे, "पाणी देता का?" दहा वर्षं तेच. "घेऊ का" यातसुद्धा हात आपलाच असतो, भांडं आपणच उचलायचं असतं. ती निदान घेऊ म्हणाली. आणि मी काय केलं, तर पुढे होऊन पेला भरून दिला. तिला माठाला हातच लावू दिला नाही. ट्रेमध्ये ठेवून दिला. शनिवारची सगळी रात्र मी माझ्या दुःखात काढली, आणि भावाच्या घरातला तो फ्रिज माझ्या डोक्यात एकदाही आला नाही. फोनवर दिवाळीला बोलले तेव्हा ती म्हणाली होती भावाकडे असते म्हणून. मी ऐकलं होतं.

पाचवडला जागा मिळाली. तहान लागली होती म्हणून पिशवीतून स्टीलची बाटली काढली तर रिकामी. घरून निघताना गळ्यापर्यंत भरलेली होती, मी तर एक घोटही घेतला नव्हता. घाटावर पिशवी तिच्याजवळ होती. कधी काढली, कोण कोण प्यायलं, मला पत्ताच लागला नाही. बाटलीच्या तोंडाला पेढ्याचे कण चिकटले होते. मी ती तशीच मांडीवर धरून बसले. बाहेर स्ट्रॉबेरीच्या पाट्या मागे जात होत्या, ऊस गेलेली रानं जात होती. साताऱ्यापर्यंत मला पुन्हा रडू आलं नाही.

हे विचारत होते, कशी झाली भेट. मी म्हटलं, छान. अजून काय सांगणार? ते फुलपात्र वाड्याबरोबर गेलं असेल की तिच्या आईच्या ट्रंकेत असेल, कुणास ठाऊक. असलं तर मला हवं आहे की नको आहे, तेही ठरत नाही. आज दिवसभरात दोनदा वाटलं हवं, एकदा वाटलं नको.

दुपारी तिचा मेसेज आला. "पोहोचलो काल नीट. काकूंच्या भाजणीचं प्रमाण दे, पोरं मागतायत. आणि आम्ही मेमध्ये येतोय, चार दिवस." येऊ का, असं विचारलेलं नाही. मी तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचला.

प्रमाण लगेच पाठवलं. ज्वारी चार वाट्या, बाजरी दोन, तांदूळ एक, गहू एक, हरभऱ्याची डाळ एक, उडदाची डाळ अर्धी, धणे अर्धी वाटी, जिरे दोन चमचे. सगळं वेगवेगळं, मंद आचेवर. ते उत्तर पाठवून काम उरकलं आणि आता लिहिता लिहिता लक्षात आलं, आई धणे सगळ्यात शेवटी, कढई उतरवून, नुसत्या तिच्या उष्णतेवर परतायची. नाहीतर कडू होतात. ते सांगायचं राहिलं. सकाळी फोन करते.