स्पिअरमन की केंडॉल?

संख्याशास्त्र शिकणारे मला वारंवार विचारतात, की माहिती गुणांऐवजी क्रमांकांच्या रूपात असेल, तर सहसंबंध, म्हणजे दोन क्रमवाऱ्या एकमेकींशी किती जुळतात ते, स्पिअरमनच्या रीतीने मोजावा की केंडॉलच्या? तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून सविस्तर लिहितो. माझा कौल केंडॉलला आहे.

समजा, दोन परीक्षकांनी पाच निबंधांना क्रमांक दिले: पहिल्याने १, २, ३, ४, ५ आणि दुसऱ्याने त्याच निबंधांना अनुक्रमे २, १, ३, ५, ४. चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ मध्ये क्रमांकांवरून सहसंबंध मोजण्याची कल्पना मांडली. त्यांच्या नावाने रूढ असलेल्या सूत्रात प्रत्येक निबंधाच्या दोन क्रमांकांमधील फरकाचा वर्ग करून बेरीज घेतात. ती येथे ४ येते. तिच्या सहापटीला, म्हणजे २४ ला, ५ × (२५ − १) म्हणजे १२० ने भागून तो भागाकार १ मधून वजा केला, की ०.८ हा गुणांक मिळतो (१ म्हणजे पूर्ण जुळणी). मॉरिस केंडॉल यांनी १९३८ मध्ये सुचवलेली रीत मात्र जोड्या पाहते. पाच निबंधांच्या दहा जोड्यांपैकी आठ जोड्यांत कोणता निबंध सरस यावर दोघांचे एकमत आहे आणि दोन जोड्यांत मतभेद आहे. आठातून दोन वजा करून दहाने भागले, की ०.६.

आता दुसऱ्या परीक्षकाचे क्रमांक ३, १, २, ४, ५ असे आहेत असे धरा. मतभेद याही वेळी दोनच जोड्यांत आहेत, त्यामुळे केंडॉलचा गुणांक ०.६ वरच राहतो, पण स्पिअरमनचा ०.७ पर्यंत उतरतो, कारण एक निबंध दोन क्रमांकांनी खाली गेला आणि वर्ग करताना त्या दोनाचे चार झाले. येथेच माझा आक्षेप आहे. पहिल्या आणि तिसऱ्या क्रमांकात गुणवत्तेचे अंतर किती, हे क्रमांक सांगतच नाहीत. मग त्यांच्या वजाबाकीचे वर्ग करून आपण नेमके काय मोजतो? ‘दहापैकी आठ जोड्यांत एकमत’ या विधानाचा अर्थ मात्र कोणालाही सांगता येतो.

हाताने गणित करताना स्पिअरमनचे सूत्र सोपे पडते, हे मान्य. मात्र काही निबंधांना समान क्रमांक मिळाले असतील, तर त्यांना सरासरी क्रमांक द्यावा आणि हे सोपे सूत्र बाजूला ठेवून त्या क्रमांकांवर पिअरसनचा, म्हणजे एरवी प्रत्यक्ष गुणांसाठी वापरतात तो, नेहमीचा सहसंबंध गुणांक काढावा. केंडॉलच्या गुणांकाला ‘टाऊ’ म्हणतात; अशा वेळी त्याचे ‘टाऊ-बी’ हे सुधारित रूप वापरावे.