मालक कुठायत?

आमच्या कोल्हापूरकडं नवऱ्याला ‘मालक’ म्हणतात. त्यामुळं कुणी दारात येऊन “मालक कुठायत?” असं विचारलं, की त्याला माझा नवरा हवाय की चपलांचा धंदा चालवणारं माणूस, हे आधी ओळखावं लागतं. बहुतेकांना नवराच हवा असतो. मग आतली कुणीतरी वेणी घालता घालता, मान वर न करता सांगते, “मालक चामडं आणाय गेल्यात. मालकीण हितंच बसलीया, बोला.”

सुभाषनगरातल्या दोन खोल्या आणि वरती पत्र्याचा माळा, एवढाच आमचा कोल्हापुरी चपलांचा कारखाना. अकराजणी काम करतो. पाहुण्यांना कायम ‘खरे कारागीर’ बघायचे असतात आणि ते आपल्यासमोरच बसलेत हे लवकर ध्यानात येत नाही. त्यात त्यांचा दोष थोडाच आहे, कारण आमच्या घरातल्या माणसांच्या तरी कुठं ध्यानात येत होतं?

जोड कसा होतो ते सांगते, म्हणजे पुढचं समजेल. म्हशीच्या जाड चामड्याचा तळ रापीनं, म्हणजे चामडं कापायच्या धारदार हत्यारानं, कापायचा, टाचेचे थर चढवायचे, ठोकून बसवायचे. दोन्ही बाजूंना कान, कानांवरून जाणारा पट्टा, पुढं अंगठा. पट्ट्यावर वाद्यांची, म्हणजे चामड्याच्या बारीक पट्ट्यांची, वेणी, वर गोंडा. शिलाईसुद्धा चामड्याच्या वादीनंच होते. अस्सल पायताणात खिळा सापडणार नाही. यातलं कापणं आणि ठोकणं पुरुषांचं. वेणी, शिलाई, गोंडा, तेल, पॉलिश हे सगळं बायकांचं. शाहू महाराजांनी ज्या धंद्याला हात दिला, त्याची घरोघरची वाटणी ही अशी. पण कारागीर म्हणायचं ते रापी धरणाऱ्याला. वेणी घालणारी म्हणजे ‘घरातली मदत’.

मी लग्न होऊन आले १९९८ साली. माहेर निपाणीचं. आई विड्या वळायची. हजार विड्यांमागं मजुरी, आणि संध्याकाळी ठेकेदार त्यातल्या किती ‘छाट’ म्हणून बाजूला काढेल याचा नेम नाही. आई शाळा शिकली नव्हती, पण रोज किती वळल्या, किती छाट गेल्या, किती पैसे हातात आले हे भिंतीवर कोळशानं लिहून ठेवायची. माझ्याकडं धंद्याचं जे काही ज्ञान आहे ते त्या भिंतीवरचं.

सासरी आल्यावर सासूबाईंनी वेणी शिकवली. एक टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबायचं, वाद्या ओल्या ठेवायच्या आणि ओढ सगळीकडं सारखी लागली पाहिजे. सैल वेणी दुकानात सुंदर दिसते आणि महिन्याभरात उसवते. माझी पहिली शंभरेक वेणी त्यांनी न बोलता सोडून पुन्हा माझ्या पुढ्यात ठेवली. वेणीचा घट्टपणा त्या डोळे मिटून, बोटानं सांगायच्या. त्यांना कुणी कधी डिझायनर म्हटलं नाही. पण आज ‘नवीन डिझाइन’ म्हणून खपणाऱ्या आमच्या दोन वेण्या त्यांच्या आहेत.

पुढं लेकीला शाळेसाठी घड्याळ घेतलं, तेव्हा मला आईची भिंत आठवली. वही केली. आठवडाभर प्रत्येक कामाला किती वेळ लागतो ते लिहिलं. एका जोडाला कापणं-ठोकणं धरून साधारण दीड तास. वेणी, शिलाई, गोंडा मिळून चार तासांच्या आसपास. आणि मजुरी बरोबर उलटी: मोठा वाटा दीड तासाला, उरलेला चार तासाला. वही मालकांना दाखवली. ते हिशेबाला पक्के, खोटं बोलत नाहीत. बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “हे बाहेर कुणाला दाखवू नको.”

महिलांचं नेतृत्व वगैरे शब्द आता सभांमधून ऐकते. आमच्याकडं तसं काही ठरवून झालं नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फाउंड्र्यांना माणसं लागत होती. महिन्याच्या महिन्याला पगार, फंड, आठवड्याची सुट्टी. चपलांत काय होतं? पावसाळ्यात चार महिने हात बांधून बसायचं. २०११ साली माझे दीर फाउंड्रीत गेले, मागोमाग गल्लीतली आणखी पोरं गेली. रापी खुंटीला अडकून राहिली. जागा रिकामी झाली म्हणून आम्ही बसलो. कुणी उठून दिली नव्हती.

पहिला तळ मी दुपारी, घरात कुणी नसताना कापायला घेतला. अंगठाच कापून घेतला. सासूबाई आल्या. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. त्यांनी हळद लावली, फडकं बांधलं आणि म्हणाल्या, “रापी एवढी आवळू नको. मूठ सैल, दाब खांद्यातनं.”

“तुम्हाला काय माहीत?”

“तुझ्या सासऱ्यांचा हात धरून यायचा तवा रातचं कोण कापत हुतं?”

तेरा वर्षं एका घरात राहून मला हे कळलं नव्हतं. गल्लीत चौकशी केली तर आणखी तीन घरांतून अशाच रात्री निघाल्या.

२०१३ साली आम्ही पाचजणींनी एकत्र काम सुरू केलं. एकच नियम ठेवला: कामाचे पैसे तासावर, मग हातात रापी असो की वाद्या. जुने एक कापणारे मामा आमच्यात होते, फार तयार हात. “वेणीवालीला आणि मला एकच भाव?” म्हणून ते निघून गेले. त्यांच्या जाण्यानं आमचं वर्षभर नुकसान झालं, हे कबूल करते. आमचे तळ वाकडे यायचे. डावा-उजवा जुळायचा नाही. ‘चप्पल लाइन’ या बाजारातले एक दुकानदार जोड उलटा करून बघत आणि “बायकांनी कापलाय व्हय?” म्हणून दर पाडत. तळ खरंच वाकडा असायचा, म्हणून तेव्हा बोलता येत नव्हतं. नंतर सरळ यायला लागला तरी ते तसंच म्हणत. मग आम्ही त्यांना माल देणं थांबवलं.

पहिली मोठी ऑर्डर मुंबईची, दोनशे जोड. जुलै महिना. तेल पुरतं मुरलं नव्हतं, हवेत ओल, आणि आम्ही हौसेनं एकेक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला. आठवड्यानं फोटो आले, पांढऱ्या बुरशीचे. निम्मा माल परत. चूक माझी होती. बाकीच्या चौघी कागदात गुंडाळूया म्हणत होत्या, मलाच पिशवी ‘प्रोफेशनल’ वाटली होती. तेव्हापासून पावसाळ्यात आम्ही जोड बांधत नाही, फक्त वेण्या घालून ठेवतो आणि नवे नमुने करून बघतो. वर्षातलं माझं सगळ्यात आवडतं काम याच चार महिन्यांतलं.

मधल्या काळातल्या बऱ्याच गोष्टी आमच्या हातात नव्हत्या. २०१५ साली राज्यात गोवंश हत्याबंदीचा कायदा कडक झाला. चामड्याचे भाव आणि पुरवठा दोन्ही हलले. बाभळीची साल आणि हिरडा भरून, कातड्याची पिशवी शिवून टांगायची जुनी पद्धत जाणणारी घरं गावात कमी होत चालली होती. आता बरंचसं चामडं बाहेरून येतं. मालक ते काम बघतात, कारण चामडं हातात घेऊन त्यातला दोष ओळखणं त्यांना जमतं तसं मला अजून जमत नाही. लॉकडाउनबद्दल काय सांगू, सगळ्यांचं झालं तेच आमचं झालं.

बँकेचं मात्र सांगते. मुद्रा योजनेतून दोन लाखांसाठी अर्ज केला. साहेबांनी कागद चाळले आणि विचारलं, “मालक नाही आले?” मी म्हटलं, “कुठले मालक? नवरा घरी आहे, धंद्याची मालक मी.” ते हसले आणि मालकांची सही घेऊन या म्हणाले. अशी सही लागते असं कुठंच लिहिलेलं नव्हतं. मी तीन वेळा गेले. चौथ्या वेळी आम्ही पाचजणी गेलो, वही घेऊन. कर्ज मिळालं. मला आनंद झालाच, पण घरी आल्यावर मालक म्हणाले, “सही द्यायला मी आलो असतो की.” त्यांना वाईट वाटलं होतं. ते मला आजही नीट समजावता आलेलं नाही.

धंदा खऱ्या अर्थानं उचलला तो मापामुळं. ‘कोल्हापुरी चावते’ ही तक्रार जुनी. पहिले आठ दिवस रात्री आतून खोबरेल लावा, असं आम्ही सांगत आलो. पण आमच्यातली एकजण म्हणाली, “पुरुषांना कमी चावते, बायकांनाच का?” मग आम्ही गल्लीतल्या, बाजारातल्या, धुण्याभांड्याला जाणाऱ्या साठ बायकांचे पाय रद्दी पेपरवर आखून घेतले. पेपर ओळीनं भिंतीवर लावले आणि चूक डोळ्यांसमोर आली. लेडीज म्हणून जो फर्मा, म्हणजे पायाच्या मापाचा साचा, पिढ्यान्‌पिढ्या वापरात होता, तो पुरुषाचाच फर्मा लहान केलेला होता. दिवसभर उभं राहणाऱ्या बाईचा पाय पुढं पसरतो, टाच तेवढी वाढत नाही. आम्ही पुढचा भाग रुंद केला, टाच अरुंद ठेवली आणि अंगठा एक सूत आत सरकवला. अंगठ्याच्या आतून शेळीच्या मऊ चामड्याचं अस्तर दिलं. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, पण जोड परत यायचे जवळपास थांबले. सगळ्याच बायकांचे पाय असे असतील असं नाही. आम्ही साठ मोजले, तेवढंच सांगते.

किमतीचंही असंच डोकं लावावं लागतं. १ जानेवारी २०२२ पासून हजाराच्या आतल्या पादत्राणांवरचा जीएसटी ५ वरून १२ टक्के झाला, हजाराच्या वरच्यांवर १८ होताच. मग सगळा बाजार ९९९ च्या आत कोंबून बसलेला. त्या किमतीत आमच्या वहीतले तास बसत नाहीत. कुठून तरी कापायचं म्हटलं, की सगळ्यांची नजर आधी वेणीच्या मजुरीवर जाते. आम्ही हजाराच्या वर राहिलो आणि गिऱ्हाइकं गमावली. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या जोडाला ५ टक्के झाल्यावर जरा श्वास मिळाला.

२०१९ साली कोल्हापुरी चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. सीमावादाच्या दोन्ही बाजूंनी एकाच पायताणावर हक्क सांगितला आणि दोघांनाही तो मिळाला, याची मला निपाणीची लेक म्हणून गंमत वाटते. तिकडं अथणीत बायकांच्या बचत गटांनी आमच्या किती तरी आधी हे काम संघटित केलं होतं. ते आम्ही बघून आलो नसतो तर तासावर मजुरीचा हट्ट टिकवणं अवघड गेलं असतं.

मग जून २०२५. इटलीतल्या एका बड्या फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये आपल्यासारखीच चप्पल दाखवली आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. बोभाटा झाला, मागाहून त्यांनी मूळ कुठलं ते मान्य केलं. त्या आठवड्यात आमच्याकडंही कॅमेरे आले. एका पोरानं सगळ्यांकडं बघून विचारलं, “एखादे आजोबा नाहीत का? रापी घेऊन, पटका बांधलेले?” आम्ही शेजारच्या तात्यांना बोलावलं. तात्या आयुष्यभर एसटीत कंडक्टर होते. रापी उलटी धरून त्यांनी झकास फोटो दिला. तो छापून आला. कोल्हापूरचा वारसा चोरला म्हणून रागावलेल्या बातमीत वारसदार म्हणून तात्या! तो कागद आम्ही माळ्यावर चिकटवून ठेवलाय.

आमच्यात खरा वाद झाला तो २०२३ मध्ये, पीएम विश्वकर्मा योजना आली तेव्हा. अठरा व्यवसायांत चर्मकारही आहेत. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार, आधी एक आणि मग दोन लाखांचं स्वस्त कर्ज. पण अट अशी की एका कुटुंबातून एकच नाव. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं. म्हणजे जी वाटणी आजवर कुणी बोलून दाखवली नव्हती, ती आता अर्जातल्या एका ओळीत लिहायची होती: या घरातला कारागीर कोण? अकरा घरांत आठवडाभर हेच चाललं. एका घरात नवरा फाउंड्रीत कायम असूनही “नाव माझं जाऊ दे, कातडं आपल्या बापाचं” म्हणाला. चार घरांतून बाईचं नाव गेलं. बाकी सात घरांबद्दल मी काही बोलत नाही. त्या मैत्रिणी रोज माझ्या शेजारी बसतात.

सध्याची गोष्ट डायची आहे. माझी लेक आणि आणखी दोन पोरींचं म्हणणं, तळ कापायला प्रेस आणि पोलादी डाय, म्हणजे ठरल्या मापात कापणारे साचे, घ्यायच्या. साठ पायांवरून काढलेलं आपलं माप एकदा डायमध्ये बसलं की रोज तेच, डावा-उजवा जुळणार, खांदा दुखणार नाही. मी विरोधात. रापीसाठी इतकं केलं आणि तीच खुंटीला लावायची? लेक म्हणाली, “आई, तुला रापी पाहिजे होती. आम्हाला कापलेला तळ पायजे.” नियमाप्रमाणं हात वर करून मत घेतलं. सासूबाई आता काम करत नाहीत, पण मत द्यायला मुद्दाम जिना चढून माळ्यावर आल्या आणि पोरींच्या बाजूनं हात वर केला. आठ विरुद्ध चार.

डाय पुढच्या महिन्यात येतायत. चार ते आठ नंबरच्या.