विंगेतून दिसणारे अधिवेशन : तालमींच्या नवव्या आठवड्याची नोंद

मागची नोंद लिहिली तेव्हा आमच्याकडे संहितेचा तिसरा खर्डा, अकरा माणसे आणि एक उसना ढोलक एवढाच ऐवज होता. आता प्रयोगाला साडेपाच आठवडे राहिले आहेत, माणसे सतरा झाली आहेत, ढोलक मालकाकडे परत गेला आहे आणि तालमीच्या जागेत उजव्या अंगाला एक विहीर उभी राहिली आहे. ही नोंद मुख्यतः त्या विहिरीची आहे, कारण गेल्या तीन आठवड्यांत तिने आमचा जेवढा वेळ खाल्ला तेवढा कोणत्याही विसराळू नटानेही खाल्लेला नाही.

जे मित्र या नोंदी पहिल्यांदाच वाचत आहेत त्यांच्यासाठी विषय थोडक्यात सांगतो. 1924 च्या डिसेंबरात, 26 आणि 27 तारखेला, बेळगावात टिळकवाडीच्या परिसरात काँग्रेसचे एकोणचाळिसावे अधिवेशन भरले आणि महात्मा गांधींनी अध्यक्षपद स्वीकारलेले ते एकमेव अधिवेशन ठरले, हे आमच्याकडच्या शाळकरी मुलालाही पाठ असते. गंगाधरराव देशपांडे मुख्य संयोजक होते. अधिवेशनाच्या वसाहतीला विजयनगर हे नाव दिले होते, प्रवेशद्वार हंपीच्या गोपुराच्या धर्तीवर उभारले होते, आणि हजारो माणसांना पाणी पुरावे म्हणून चार हजारांहून अधिक रुपये खर्चून एक विहीर खोदली होती, तिला पंपा सरोवर म्हणत. मंडप गेला, गोपूर गेले, विहीर मात्र राहिली. आज तिच्या शेजारी वीरसौध हे अधिवेशनाचे स्मारक आहे, समोरच्या रस्त्याला आपण काँग्रेस रोड म्हणतो आणि त्या रस्त्याने रोज दोनदा जाताना विहिरीकडे पाहत नाही. 2024 च्या डिसेंबरात शताब्दीच्या निमित्ताने सगळे शहर रोषणाईने उजळले होते, त्या गर्दीत आम्ही तिघेजण विहिरीच्या कठड्यापाशी उभे असताना या नाटकाचे बोलणे निघाले.

नाटकात गांधीजी नाहीत. हा निर्णय पहिल्याच बैठकीत झाला आणि त्यावर अजूनही कोणी ना कोणी आम्हाला बोल लावतो. यात सोय होती हे नाकारत नाही. हौशी संस्थेत सडसडीत, टक्कल पडलेला आणि तीन महिने वेळेवर येणारा माणूस मिळणे कठीण, आणि मिळाला तरी प्रेक्षक पहिली पंधरा मिनिटे तो किती सारखा दिसतो याचाच हिशेब करीत बसतात. पण खरे कारण असे की, दोन दिवसांच्या अधिवेशनासाठी जी माणसे आधी कित्येक आठवडे बांबू बांधत होती, चूल पेटवत होती, चर खणत होती, त्यांची कामे आणि आमची नेपथ्य, कपडेपट, प्रकाशयोजनेची कामे यांत आम्हाला एक ओळखीचा धागा दिसला. म्हणून संपूर्ण नाटक गोपुराच्या मागच्या बाजूला घडते. प्रेक्षकांना गोपुराची रंगवलेली दर्शनी बाजू कधीच दिसत नाही. दिसतात त्या उभ्या-आडव्या वेळूच्या काठ्या, काथ्याच्या गाठी, तट्ट्यांची उलटी बाजू आणि तिच्यापुढे विहीर. भाषण सुरू झाले की सगळी पात्रे एका विशिष्ट दिशेला तोंड करून थांबतात, एवढीच गांधीजींची हजेरी आहे. ती दिशा प्रत्येकाने नेमकी तीच धरावी यासाठी दिग्दर्शकांनी डावीकडच्या भिंतीवर, छताच्या थोडे खाली, खडूने एक फुली मारून ठेवली आहे.

आता विहिरीकडे वळतो. संहितेत पाणी ओढण्याचे चार प्रसंग आहेत आणि त्यांतील एक जवळजवळ सात मिनिटांचा आहे, म्हणजे नट बोलत बोलत सतत दोर ओढत असतो. रंगमंचावरची विहीर अडीच फूट उंचीचा कठडा एवढीच असते, तिला खोली नसते. पहिल्या तालमीला आम्ही रिकामी बादली दोराला बांधून आत सोडली आणि नटाने अभिनयाने ओढली. तो नट उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत साचे भरण्याचे काम करतो, त्याच्या हातांना वजनाची सवय आहे. तरीही रिकामा दोर ओढताना त्याची पाठ खोटे बोलत होती. दंड आणि चेहरा यांनी सोंग घेता येते, कंबरेला ते जमत नाही, हा धडा आम्ही येथे शिकलो. दुसऱ्या खेपेला बादलीत सहा किलो वाळू घातली. ओढणे सुधारले, परंतु अडीच फुटांत बादली वर येई, नटाचे वाक्य मात्र अर्धेच झालेले असे; आणि परत सोडली की फळ्यांवर धप्प असा आवाज येऊन विहिरीचा तळ कुठे आहे हे शेवटच्या रांगेलाही कळे. तिसऱ्या खेपेला दोर दोन कप्प्यांवरून विंगेत नेला आणि तिथे वजन टांगले. हा उपाय कागदावर उत्तम होता. प्रत्यक्षात दोर प्रेक्षकांना दिसला, दुसऱ्या कप्पीत अडकला आणि त्या दिवशीची तालीम दोर सोडवण्यातच संपली.

शेवटी जो मार्ग निघाला तो यंत्राचा नसून माणसाचा आहे. कठड्याच्या आत आमचा सर्वांत तरुण सहकारी, महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला असलेला एक मुलगा, मांडी घालून बसतो. त्याच्या हातांत कातडी मोजे असतात. दोराचे दुसरे टोक त्याच्याकडे असते. वर नट ओढतो तसा तो दोर हातांतून घसरू देतो, पण सहज नाही, ताण ठेवून. वीस फूट दोर वर गेला की तो जवळच्या पिंपातून भरलेली बादली दोराच्या फासात अडकवतो आणि ती खऱ्या पाण्यासह, सांडत, डुचमळत कठड्यावर येते. पहिल्यांदा हे नीट जमले तेव्हा तालीम पाहायला आलेल्या एका काकूंनी उठून विहिरीत डोकावून पाहिले. ताण किती ठेवायचा हे त्या मुलाने आणि फौंड्रीतल्या नटाने आपसांत ठरवले आहे आणि त्याचे नियम आम्हाला कोणालाही सांगता येत नाहीत. वाक्याच्या शेवटी ताण वाढतो, प्रश्न विचारला की सैल होतो, असे काहीसे आहे. त्या मुलाच्या आईने परवा विचारले, “आमचा खटे (कुठे) दिसतोय त्या नाटकात?” तो दिसत नाही, हे तिला सांगण्याची जबाबदारी आम्ही दिग्दर्शकांवर सोपवली आहे.

गडगड्याचीही एक उपकथा आहे. आपल्याकडे आडावरच्या रहाटाला गडगडा म्हणतात ते उगाच नाही, त्याला आवाज हवा. नटाने आपल्या ओळखीने ओतीव लोखंडाची सुरेख कप्पी करून आणली आणि हौसेने तिच्यात बेअरिंग बसवले. ती लोण्यासारखी फिरली आणि अजिबात वाजली नाही. मग बेअरिंग काढून साधी खीळ घातली तेव्हा कुठे तिला कंठ फुटला. तो आवाज ध्वनिमुद्रित करून वापरावा असे ध्वनिसंयोजकांचे म्हणणे होते, पण ओढण्याची लय रोज बदलते आणि मुद्रित आवाज बदलत नाही, म्हणून ती सूचना मागे पडली.

कपडेपटाबद्दल थोडेच सांगायचे आहे. खादी आम्ही हुदलीहून आणली. गंगाधररावांचे नाव ज्या गावाशी जोडलेले आहे आणि जिथे 1937 मध्ये गांधीजी स्वतः येऊन राहिले होते, तिथली खादी पात्रांच्या अंगावर असावी हा हट्ट लेखिकाबाईंचा होता आणि तो योग्यच होता. मात्र नवी पांढरी खादी दिव्यांखाली इतकी चमकते की चेहरे काळवंडतात. शहापूरच्या आमच्या शिंपीअण्णांनी सगळे सदरे चहाच्या पाण्यात बुडवून, सावलीत वाळवून आणि दगडावर आपटून दिले. टोप्यांचे माप मात्र तिसऱ्यांदा चुकले आहे. रंगभूषेत क्रेपच्या मिशा आम्ही रद्द केल्या आहेत. ज्यांना वाढवता येतात त्यांनी वाढवाव्यात आणि बाकीच्यांनी सफाचट राहावे, असा आदेश निघाला आहे.

भाषेचा प्रश्न आमच्याकडे जसा येतो तसा तो पुण्या-मुंबईच्या मंडळींना येत नसेल. अधिवेशनाच्या स्वयंसेवकांत डॉ. ना. सु. हर्डीकरांच्या हिंदुस्थानी सेवादलाची माणसे होती, आणि हुयिलगोळ नारायणरावांचे कन्नड गीत त्याच मंडपात गायले गेले. अशा वसाहतीत सगळेच शुद्ध मराठी बोलतात असे दाखवणे इतिहासाशी प्रतारणा झाली असती. म्हणून स्वयंपाकघराच्या प्रवेशात आचारी कन्नड बोलतो, हिशेबनीस मराठी बोलतो, दोघेही एकमेकांना पूर्ण समजतात आणि भांडण कुठेही अडत नाही. आचाऱ्याची भूमिका करणाऱ्या अण्णांची घरची भाषा कन्नड आहे. संहितेतली कन्नड वाक्ये त्यांनी पहिल्याच दिवशी खोडून पुन्हा लिहिली, कारण आमची वाक्ये, त्यांच्या शब्दांत, मराठी माणसाने पाठ केलेली कन्नड होती. या कारणाने आमच्यावर दोन्ही बाजूंनी टीका होईल, याची आम्हाला कल्पना आहे. तालीम आम्ही रविवारखेरीज रोज ठेवतो, 1 नोव्हेंबरला तेवढी ठेवली नाही. त्या दिवशी कर्नाटक राज्योत्सव असतो आणि इथले मराठी भाषक काळा दिन पाळतात, हे या गावात कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

हिशेबनिसाच्या प्रवेशाविषयी मला विशेष प्रेम आहे. गांधीजींसाठी बांबूची आणि खादीने मढवलेली झोपडी उभारली होती, तिला साडेतीनशे रुपये खर्च आला आणि गांधीजींनी तिला खादीचा महाल म्हणून संबोधले. आमच्या नाटकात ही टिप्पणी कानावर आल्यानंतर हिशेबनीस आणि सुतार यांच्यात जे बोलणे होते ते सगळे कल्पित आहे, पण ते लिहिताना लेखिकाबाईंना फारसा त्रास पडला नसावा, कारण विहिरीच्या खर्चावरून आमच्या खजिनदारांशी झालेला संवाद त्यांनी शेजारी बसून ऐकला होता. आमची विहीर 2,140 रुपयांत झाली. प्लायवूड, गोणपाट, लाकडाचा भुसा, सरस आणि रंग हे सर्व धरून. लोखंडी कप्पी मैत्रीखात्यात.

एक प्रवेश अजून उभा राहिलेला नाही. अधिवेशनात स्वागतगीत गाणाऱ्या मुलींत गंगूबाई हनगल होत्या, तेव्हा त्यांचे वय अकराच्या आसपास होते. आपल्या जातीमुळे आपल्याला उष्टी काढायला तर लावणार नाहीत ना, ही भीती त्या वेळी मनात होती, हे त्यांनी पुढे स्वतः सांगितले आहे. आम्ही त्या मुलीला नाव दिलेले नाही. ती गाऊन झाल्यावर मागच्या बाजूला येते, पत्रावळींच्या ढिगाजवळ उभी राहते आणि आचाऱ्याला एक प्रश्न विचारते. भूमिका करणारी सहावीतली मुलगी उत्तम गाते आणि प्रश्नही स्पष्ट विचारते. अडचण आमची, मोठ्यांची आहे. तिच्या प्रश्नानंतर आचाऱ्याने काय करावे यावर चार वेगवेगळे शेवट तालमीत करून पाहिले. प्रत्येक वेळी आचारी फार चांगला माणूस होतो आणि प्रेक्षकांची सुटका होते. सध्या तो काहीच न बोलता तिच्या हातात पाण्याचा तांब्या देतो आणि पाठ फिरवतो. हेही पुरेसे कठोर नाही, असे माझे मत आहे. दिग्दर्शक सहमत नाहीत.

प्रॉम्प्टरकाकांचा उल्लेख केला नाही तर ते तिसरी घंटा होऊ देणार नाहीत. वय एकाहत्तर, चौतीस नाटकांना विंगेत उभे, स्वतः एकदाही रंगमंचावर नाही. त्यांचे म्हणणे असे की, आपला जिल्हा अण्णासाहेब किर्लोस्करांचा आहे. गुर्लहोसूरचा माणूस बेळगावात नोकरी सांभाळून नाटकाचा नाद करीत होता, तेव्हा कचेरी सुटल्यावर तालमीला येण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे आणि उशिरा येण्याची नाही. हे ते साडेसातला येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतात. तालमीची जागा रेल्वे फाटकाजवळ असल्याने आठ वाजून काही मिनिटांनी गाडी जाते आणि तिच्या शिट्टीत एक वाक्य नेहमी बुडते. काकांनी संहितेत त्या ठिकाणी पेन्सिलीने रुळांची खूण केली आहे आणि तेथे नटाने थांबावे असे ते खुणावतात. आता त्या विरामाची सर्वांना इतकी सवय झाली आहे की नाट्यगृहात गाडी नसताना तो कसा भरून काढायचा, हा नवाच प्रश्न उभा राहिला आहे. प्रकाशयोजनाकारांनी तेथे कंदील विझवून पुन्हा लावण्याची सूचना केली आहे आणि ती मला पटते. दिवे अजून भाड्याने घ्यायचे आहेत. ज्या पुरवठादाराशी बोलणी झाली होती त्यांनी ती तारीख एका लग्नाला देऊन टाकली, तेव्हा कोणाच्या ओळखीत आठ पार कॅन दिवे आणि त्यांचा उजेड कमीजास्त करणारा एक बरा डिमर असल्यास कळवावे.

गेल्या गुरुवारी एक दुर्घटना टळली. कोणा सेवाभावी सदस्याने गडगडा फार करकरतो म्हणून त्याला भरपूर एरंडेल लावले. त्या रात्री विहीर मुकी झाली, आतला मुलगा गोंधळला, कारण तोही त्या आवाजावरच ताण धरत होता, आणि भरलेली बादली हिशेबनिसाच्या चोपड्यांवर उपडी झाली. शुक्रवारी दोन तास रॉकेलने कप्पी धुतली. आवाज परत आला आहे, थोडा वरच्या पट्टीत. आता कठड्याच्या आतल्या बाजूला पुठ्ठ्याची पाटी लावली आहे : तेल घालू नये. अण्णांनी खाली तेच कन्नडमध्ये लिहिले आहे.