मिनिटाला सहा श्वास: सहा आठवड्यांची नोंदवही

आठवडा 1. फक्त मोजणी. पाच मिनिटं स्वस्थ बसून मगच आकडा घ्यायचा. मोजतोय हे लक्षात आलं की श्वास लगेच शहाण्यासारखा वागू लागतो, म्हणून पोटाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून नंतर मोजलेलं बरं. मोठ्या माणसांत बसल्या जागी मिनिटाला 12 ते 20 श्वास सर्वसाधारण.

आठवडा 2. एकदम सहावर उतरू नये. आधी 3 सेकंद आत, 4 बाहेर. जमलं की 4 आणि 5. मग 4 आणि 6, म्हणजे मिनिटाला बरोबर सहा. नाकानेच, दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटं. उच्छ्वास चौथ्या सेकंदालाच संपत असेल तर सुरुवातीला ओठांचा चंबू करून सोडावा. कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, या वहीत नाही.

आठवडा 3. बहुतेकांची गाडी इथे अडते. गरगरतं, बोटांना मुंग्या येतात, आणि 'सवय नाही' म्हणून सोडून दिलं जातं. खरं कारण हिशोबात आहे. साधा श्वास सुमारे 500 मिलिलिटरचा. त्यातले 150 श्वासमार्गातच राहतात, वायूंच्या देवाणघेवाणीला उरतात 350. मिनिटाला 12 धरले तर 4200. श्वास निम्मे केले म्हणून प्रत्येक दुप्पट, म्हणजे 1000 चा घेतला, तर उपयोगी हवा होते 850 गुणिले 6, म्हणजे 5100. गरजेपेक्षा जास्त. रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, डोकं हलकं होतं. 4200 साठी 850 मिलिलिटर पुरे. श्वास पावणेदोन पट, दुप्पट नव्हे. 'खोल श्वास घ्या' या सल्ल्याने इथे घोळच होतो. संथ आणि खोल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उलट चूकही होते: श्वास लहानच ठेवला तर कार्बन डायऑक्साइड साचतो आणि मधेच मोठा सुस्कारा येतो. गरगरलं तर श्वास लहान करा, सुस्कारा आला तर किंचित मोठा.

आठवडा 4. छातीचा पट्टा लावून ठोक्यांचा आलेख पाहिला की गंमत कळते. आत घेताना ठोके वाढतात, सोडताना उतरतात. मानेच्या धमनीतले रक्तदाब टिपणारे संवेदक आणि हृदय यांच्यातलं नियंत्रण साधारण दहा सेकंदांच्या लयीत डोलतं. श्वासही दहा सेकंदांचा झाला की दोन्ही झोके एकमेकांना जोर देतात. 2001 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या अभ्यासात जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि योगातले मंत्र म्हणतानाही श्वास सहाच्या आसपास आल्याचं दिसलं.

आठवडा 5. स्वतःचा वेग शोधणं. 6.5, 6, 5.5, 5, 4.5 असे दोन-दोन मिनिटं, मधे थोडी विश्रांती. ज्या वेगाला ठोक्यांतला चढउतार सर्वात मोठा, तो आपला. मनगटावरच्या घड्याळावर यासाठी विसंबू नये, हात हलला की ठोके निसटतात. सरावातला हृदयलय-बदलाचा (दोन ठोक्यांमधलं अंतर किती बदलतं त्याचा) आकडा फुगलेलाच येतो, त्याला प्रगती समजू नये. तुलना सकाळच्या सहज श्वासातल्या आकड्यांचीच.

आठवडा 6. रक्तदाब: सरावानंतर काहींत थोडा उतरतो, गोळ्या बंद करण्याइतका नाही. झोपताना दहा मिनिटं, मोजणी न करता, फक्त उच्छ्वास लांबवून. आकडे मोजत पडलं की झोप उडते. दमा असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.

पुढच्या नोंदीत: चालताना चार पावलं आत, सहा बाहेर. चढावर हे प्रमाण मोडतं, तिथे हट्ट नको.