हेदवीच्या चढावर गाडी बसली: कोकणात ऑटोमॅटिक घेऊन जाणाऱ्यांसाठी

पुणे, ताम्हिणी, माणगाव, दापोलीत एक मुक्काम, मग दाभोळला फेरीबोटीत गाडी चढवून पलीकडे धोपावे आणि गुहागर. इथपर्यंत सगळं मस्त, फेरीची शेवटची वेळ तेवढी आधी विचारून ठेवा. खरी गोष्ट तिसऱ्या दिवशीची, वेळणेश्वरहून हेदवीला दशभुज गणपतीला निघालो तेव्हाची. मी चालवत होते, मागे सासूबाई आणि डिकीत सुकी मासळी. चढावर गिअरबॉक्सची वॉर्निंग आली, ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं ओरडतंय आणि गाडी जागची हलत नाही. सीव्हीटी, म्हणजे आमच्या गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, गेली.

नशीब इंजिन चालू होतं, त्यामुळे ब्रेक नीट लागत होते. न्यूट्रल टाकून, नवऱ्याला मागे उभं करून हळूहळू उलटी खाली घेतली आणि जांभ्याच्या गडग्याजवळ सपाट जागेत लावली.

पाच मिनिटांत एक पिकअपवाला थांबला. कोकणात मदतीला माणूस येतो, ती काळजी नाही. काळजी मदतीचीच! त्याने होडीचा जाड नायलॉन दोर काढला आणि सरळ गाडीखाली घुसून पुढच्या चाकाच्या लोअर आर्मला (चाक धरून ठेवणारा खालचा दांडा) बांधायला लागला. "ताई, अशा पन्नास गाड्या ओढल्यात." ओढल्या असतील, पण त्या जुन्या जीपा. मी नाही म्हटलं, तो थोडा नाराज झाला, पण आपल्या गाडीसाठी "नाही" आपल्यालाच म्हणावं लागतं. आर्म वाकला की अलाइनमेंट गेली, आणि बंपरच्या मागे आता प्लास्टिक, सेन्सर आणि रेडिएटर असतो, दोर बांधण्यासारखं तिथे काही नाही.

दोर किंवा विंच (गाडी तारेने खेचणारं यंत्र) लावायची जागा म्हणजे टो हुक. हा हुक बहुतेक गाड्यांना लावलेला नसतो, जॅक-पान्याबरोबर डिकीच्या तळाशी असतो, म्हणजे आमच्या केसमध्ये तीन बॅगा, कोकम सरबताचा कॅन आणि मासळी रस्त्यावर मांडल्यावर सापडला. बंपरवर छोटं चौकोनी झाकण असतं ते काढायचं (स्क्रू ड्रायव्हरला फडकं गुंडाळा, मी नाही गुंडाळलं, ओरखडा आहे अजून), आधी हुक हाताने फिरवून बसवायचा, मग व्हील पान्याचा दांडा घालून पूर्ण आवळायचा. काही गाड्यांत आटे उलटे असतात, बसत नसेल तर जोर न लावता दुसऱ्या दिशेने फिरवून बघा. आणि हुक सरळ ओढण्यासाठी असतो, तिरका झटका बसला की वाकतो.

तरी दोराने ओढून न्यायची नाहीच. ऑटोमॅटिकमध्ये तेल फिरवणारा पंप बहुतेक वेळा इंजिनावर चालतो, इंजिन बंद आणि चाकं फिरतायत म्हणजे आतले भाग तेलाविना घासत राहतात. पुढच्या चाकांना ड्राइव्ह (इंजिनाचा जोर) असेल तर पुढची चाकं उचलून नेता येते, मागून उचललीत तर वाट लागली. चारही चाकांना ड्राइव्ह असेल किंवा इलेक्ट्रिक असेल तर चारही चाकं वर, फ्लॅटबेडच, म्हणजे अख्खी गाडी पाठीवर घेणारा सपाट ट्रक. फोनवर नुसतं "क्रेन पाठवा" म्हणालात तर हुकने दोनच चाकं उचलणारी येईल, "फ्लॅटबेड, गाडी ऑटोमॅटिक आहे" असं स्पष्ट सांगा.

मॅन्युअलवाल्यांनी दोर लावलाच तर न्यूट्रल, इग्निशन ऑन (नाहीतर स्टिअरिंग लॉक), दोर ताणलेला, स्पीड २०च्या आसपास. इंजिन बंद असलं की दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा होतो आणि स्टिअरिंग जड. म्हणून कोकणातल्या उतारांवर दोर नकोच.

फ्लॅटबेड चिपळूणहून निघाली, पोचायला चार तास. तोवर मी हॅझर्ड चालू, फोन चार्जिंगला, सासूबाईंसाठी पंखा, आणि हा सगळा शहाणपणा इंजिन बंद करून. फ्लॅटबेड आली तेव्हा आमची बॅटरी मेलेली. आमचा पार्किंग ब्रेक बटणाचा, करंट नाही तर सुटत नाही, चाकं जॅम, गिअर पी (पार्किंग) मधून निघेना. शेवटी फ्लॅटबेडवाल्याच्याच ट्रकच्या बॅटरीवरून जंप दिला तेव्हा सुटला. त्याने दाखवलं, गिअर लिव्हरजवळ बारीक फट असते, ब्रेक दाबून तिथे किल्ली खुपसली की पी मधून निघतो, पण बटणाच्या ब्रेकला तो उपाय चालत नाही. सपाट जागेत असाल तर ट्रँगल लावा, चाकाला दगड लावा आणि बाकी सगळं बंद ठेवा.

चढवताना बंपरची खालची कड रॅम्पला घासते, चाकांखाली फळ्या टाकायला सांगा. पट्टे टायरवरून बांधायचे, आर्मवरून नाही, त्या खड्ड्यांत गाडी उड्या मारते. आधी चारही बाजूंनी फोटो काढा. आणि चोराचा अलार्म बंद करता येत असेल तर करा, आमची गाडी प्रत्येक खड्ड्याला बोंबलत गेली, गावातले कुत्रे मागे.

गाडी चिपळूणला सोडून रात्रीच्या एसटीने पुण्याला आलो. कुंभार्ली घाट चढताना ड्रायव्हरने गिअर बदलला की माझा पाय आपोआप सीटखालच्या पत्र्यावर दाबला जात होता.