खडूची फुली

भोसरी एमआयडीसीतल्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे यंत्राने पत्रा दाबून सुटे भाग करतात तिथे, मी गेल्या महिन्यात जे केलं, ते बरोबर होतं की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

माझं काम संघटना-अभ्यासाचं. कारखान्यात, दवाखान्यात, बँकेत माणसं एकमेकांशी काय बोलतात आणि काय बोलत नाहीत, हे जवळ बसून पाहायचं. लोकांना वाटतं आम्ही प्रश्नावल्या भरून घेतो. इथेही त्या भरलेल्या होत्या. सगळ्या कागदांवर ‘पूर्ण सहमत’ आणि निम्म्यांवरचं अक्षर एकाच हाताचं. मी तो गठ्ठा बाजूला ठेवला.

बोलावणं आलं ते एका वहीमुळे. थोडक्यात टळलेले अपघात, म्हणजे ‘नियर मिस’, लिहायचं रजिस्टर अकरा महिने कोरं होतं. सेफ्टी ऑफिसरना त्याचा अभिमान होता. मालकांना मात्र शंका आली, आणि त्यांची शंका रास्त होती. एमी एडमंडसन या संघटना-अभ्यासक. त्यांनी अमेरिकेतल्या रुग्णालयांत औषधं देण्यातल्या चुका मोजल्या होत्या. १९९६ साली छापलेल्या त्या अभ्यासात, जिथे प्रमुख चांगल्या होत्या त्या विभागांत चुकांची नोंद उलट जास्त निघाली. तिथल्या परिचारिकांना चूक बोलून दाखवायची भीती कमी होती, असा अर्थ त्यांनी लावला. म्हणून कोरी वही पाहिली की मला धडकीच भरते.

सहाव्या दिवशी, पहिल्या शिफ्टला, चार नंबरच्या प्रेसच्या डाव्या खांबावर गुडघ्याच्या उंचीला खडूची छोटी फुली दिसली. दुसऱ्या दिवशी ती पुसलेली होती. मग एक दिवस सात नंबरवर उमटली. इतक्या खाली कोण कशाला काढेल? उत्तर बघता बघता मिळालं. ऑपरेटर पेडल नीट लावायला वाकतो, तेव्हा त्याची नजर नेमकी तिथे जाते. उभ्याने फिरणाऱ्या सुपरवायझरला ती दिसतच नाही.

चहाच्या सुट्टीत एका जुन्या ऑपरेटरना विचारलं. सगळे त्यांना मामा म्हणतात. ते बराच वेळ गप्प राहिले.

“फुली म्हणजे रात्री डबल मारली, ताई. पेडलवरनं पाय काढला तरी रॅम परत खाली येतो. मग सकाळवाला पीस हातानं ठेवत नाही, चिमट्यानं ठेवतो. दोन फुल्या असल्या तर मशीन चालूच करायचं नाही. डाय सेटिंग चाललंय म्हणायचं.”

जुन्या यांत्रिक प्रेसमध्ये फ्लायव्हील सतत फिरत असतं. पेडल दाबलं की क्लच त्याला शाफ्टशी जोडतो, रॅम म्हणजे वरचा जड ठोकळा खाली येतो, आणि एक फेरा झाला की क्लच सुटतो. क्लच किंवा ब्रेक झिजला तर तो वेळेवर सुटत नाही, आणि पीस काढायला हात आत गेलेला असताना रॅम पुन्हा उतरतो. ही गोष्ट वहीत का लिहीत नाही, असं मी मामांना विचारलं.

“चौथा रकाना वाचा.”

तारीख, मशीन, काय घडलं, आणि चौथा रकाना ‘जबाबदार व्यक्ती’. ठेकेदाराच्या पोरांचा गेटपास महिन्या-महिन्याने वाढतो. त्या रकान्यात स्वतःचं किंवा सोबत्याचं नाव कोण घालणार?

शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९३१-३२ साली संशोधकांनी टेलिफोन एक्स्चेंजच्या यंत्रांची जोडणी करणाऱ्या १४ कामगारांची खोली काही महिने पाहिली. रोज किती काम करायचं हे त्या लोकांनी आपसांत ठरवलेलं होतं. जो पुढे पळेल त्याच्या दंडावर गुद्दा बसायचा. हे उदाहरण मी वर्षानुवर्षं शिकवते, ‘अनौपचारिक गट’ या मथळ्याखाली. भोसरीत तो गट पहिल्यांदा माझ्या डोळ्यांसमोर बोटं वाचवत होता. मला फार आनंद झाला. त्या आनंदातच मी घाई केली.

सादरीकरणात मी नावं झाकली, टोकन नंबर झाकले. फुलीचा फोटो मात्र पडदाभर दाखवला. चौथा रकाना काढा, वही सुपरवायझरच्या टेबलावरून कॅन्टीनमध्ये न्या, चार आणि सात नंबरचे क्लच आधी दुरुस्त करा, असं तीन-तीनदा सांगितलं. सगळ्यांनी लिहून घेतलं. क्लचच्या सुट्या भागांची ऑर्डर गेली. वहीचा प्रश्न ऑडिट होईपर्यंत थांबला. खडूचं काम मात्र दोन दिवसांत झालं. फाइव्ह-एसमध्ये, म्हणजे कारखान्यातल्या स्वच्छता-टापटिपीच्या जपानी पद्धतीत, बसत नाही म्हणून खडू बंद, खांबांना पिवळा रंग, आणि फुलीच्या जागी लॅमिनेट केलेलं लाल कार्ड. कार्डावर खाली ओळ होती, ‘नाव व टोकन नं.’

यात कोणाचाही हेतू वाईट नव्हता. सेफ्टी ऑफिसर तर ते कार्ड मला कौतुकाने दाखवत होते. पण फॉर्मवर आलेलं तेवढंच खरं, ही सवय आपल्याकडे वरच्या माणसांत इतकी मुरली आहे की बाकीचं त्यांच्या कानापर्यंत पोचतच नाही.

गुरुवारी भोसरीला सुट्टी. त्या दुपारी मामांचा फोन आला.

“हातमोजा गेला, ताई. बोटं वाचली.”

सात नंबर मंगळवारी रात्री डबल मारत होती. बुधवारी सकाळी तिच्यावर आठ दिवसांपूर्वी आलेला पोरगा होता. कार्ड कोणी लावलेलं नव्हतं. “आणि फुली?” मी विचारलं.

“कुठं काढणार? रंग ओला हाय.”

प्रत्येकाची संमती मी सहीनिशी घेतली होती. तशी आमच्या कामाची शिस्तच आहे. फुली कोणा एकाची नव्हती, म्हणून तिच्याबद्दल मी कोणालाच विचारलं नाही. मशीन नादुरुस्त आहे हे सांगणं माझं कर्तव्य होतं, त्याबद्दल मनात शंका नाही. पण ते फोटो न दाखवताही सांगता आलं असतं. मग कोणी ऐकलं असतं का? इथे येऊन मी दर वेळी अडकते.

मी लगेच मालकांना फोन केला आणि क्लच बसेपर्यंत सात नंबर बंद ठेवायला सांगितलं. त्यांनी एका शब्दाने वाद घातला नाही. “उद्यापासून बंद,” म्हणाले, आणि ती बंद झालीही.

मग काळजीच्याच आवाजात त्यांनी विचारलं, “पण मॅडम, हे तुम्हाला कोणी सांगितलं?”