तुम्ही विचारलंत म्हणून: एवढी जागा असून घरं खेटून का?

हिमाचल प्रदेशातल्या स्पितीला माणसं घेऊन जायला लागून मला बरीच वर्षं झाली. गाडी काझ्याहून, म्हणजे तिथल्या मुख्य गावाहून, वर लांग्झा गावाच्या वळणांना लागली की मागच्या सीटवरून कुणीतरी विचारतंच, "ताई, एवढं रान मोकळं पडलंय, मग ही घरं अशी एकमेकांना खेटून का बांधलीत?"

पहिली काही वर्षं मी "थंडीमुळे" असं ठोकून द्यायचे. पुढं कुणी विचारायचं नाही. उत्तर अगदीच खोटं नव्हतं, अर्धवट होतं. थंडीनं भिंती जाड होतात, खिडक्या लहान होतात, हिवाळ्यात अख्खं घर तंदूरच्या, म्हणजे शेगडीच्या, एका खोलीत येऊन बसतं. पण गाव कुठं वसायचं, हे काही थंडी ठरवत नाही.

नदीही ठरवत नाही, आणि हे आपल्याला पटायला जड जातं. आपल्या डोक्यात गाव म्हणजे नदी, घाट, काठावरचं देऊळ. स्पिती नदी खाली खोल दगडगोट्यांतून वाहते. ४,४०० मीटरच्या आसपास बसलेल्या लांग्झाला ती नुसती बघायला. गावाचं पाणी येतं वरून, बर्फ वितळून वाहणाऱ्या ओढ्यातून. त्या ओढ्याचे पाट डोंगराच्या कडेकडेनं आणलेले असतात, त्यांना तिथं कुल म्हणतात. कुल पोचते तिथवर सातूचं नि मटाराचं हिरवं, त्याच्या वर सगळं करपलेलं. घरं बहुतेक कोरड्या अंगाला, कारण भिजणारी जमीन घराखाली घालवणं परवडणार कुणाला?

मी धुळे जिल्ह्यातली, पांझराकाठची. फडाचं, म्हणजे पाटानं सगळ्यांच्या शेतांना वाटून येणारं पाणी, ते सोडणारा पाटकरी, पाळी हे सगळं लहानपणापासून कानावरचं. तरी डोक्यात उजेड पडायला जूनमधली एक पहाट लागली. ज्या घरी उतरलो होतो, तिथली सून अंधारातच फावडं घेऊन निघाली, तशी मीही तिच्या मागं गेले. रात्रभर तळ्यात साठवलेलं पाणी सोडलेलं होतं. तिनं वाफ्याच्या तोंडचा ओला ढेकूळ उचलून शेजारच्या तोंडावर थापला आणि बुटाच्या टाचेनं दाबला. पाणी वळलं. शेतात दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जाणारी माझी मावशी हुबेहूब अशीच टाच मारायची. मी माझ्या हिंदीत तिला गाडीतला प्रश्न विचारला. ती हसली. म्हणाली, "घर कुठंही बांधता येईल. तिथं पाणी कोण देणार?" आणि शेजारणीची पाळी सुरू व्हायच्या आत उरलेले वाफे उरकायला पळाली.

आपल्याकडे विहिरी झाल्या, मोटारी बसल्या, तशी माणसं गावठाण सोडून मळ्यात राहायला गेली. पाणी ज्याचं त्याचं झालं. स्पितीच्या वरच्या गावांत पाणी एकाच ओढ्याचं, कुल सगळ्यांनी मिळून साफ करायची, पाळी सगळ्यांनी मिळून ठरवायची. भांडायचं असेल तरी जवळच राहावं लागतं.

मग घरं वाढू नयेत म्हणून काय? जमीन सगळी थोरल्या मुलाची. त्याचं लग्न झालं की मोठं घर, खांगछेन, त्याच्या ताब्यात आणि आईवडील शेजारच्या छोट्या घरात, खांगछुंगमध्ये. धाकट्यांनी गोंपात, म्हणजे बौद्ध मठात, भिक्षू व्हायला जायचं. आईचे दागिने थोरल्या मुलीला. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या शेतं तुटली नाहीत आणि वाटेकरी वाढले नाहीत. २०११च्या जनगणनेत अख्ख्या लाहौल-स्पिती जिल्ह्यात ३१,५६४ माणसं होती, चौरस किलोमीटरला २. एवढी माणसं आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावात सहज मावतील. पण या आकड्यावरून माणसं विखरून राहत असतील असं वाटतं, आणि ते काही खरं नाही. एक तर रिकामा डोंगर, नाहीतर छपराला छप्पर.

हे सांगितलं की गाडीत हमखास कुणीतरी म्हणतं, "काय शहाणी माणसं!" मला ते टोचतं. शहाणपण आहेच, पण सात-आठ वर्षांच्या धाकट्याला विचारलं होतं का कुणी? आणि खांगछुंगमध्ये गेलेल्या सासूला?

आता धाकटे गोंपात जातातच असं नाही. मटाराला भाव मिळायला लागला, ट्रक भरभरून खाली मंडीला जायला लागले, मागोमाग आम्ही पर्यटक आलो. धाकटे काझ्यात टॅक्सी चालवतात, हॉटेल काढतात. काझ्यात मधून नाला जातो. एका बाजूला जुनं काझा, दाटीवाटीचं. पलीकडे नवं काझा, तिथं सुटे सुटे बंगलेवजा सिमेंटचे मजले, मधे कुंपणं, प्रत्येकाच्या गच्चीवर काळी टाकी.

एकदा जानेवारीत गेले होते. गच्चीवरच्या टाक्या रिकाम्या होत्या, नळ गोठून गप्प. नव्या काझ्यातली माणसं कॅन आणि बादल्या घेऊन बर्फावरनं जपून पाय टाकत एकाच ठिकाणी चालली होती. मीही माझी बादली घेऊन रांगेत उभी राहिले.